मला लोझान दाखवलं

२८ फेब्रुवारी, शनिवार. सेंगकांग

आज वही पुन्हा काढली. हे गेले त्या वर्षी मी लिहायचे, कारण कोणाशी बोलवत नव्हतं. मग नात झाली, मैत्रेयी, ती दोन महिन्यांची असताना मी नाशिकरोड सोडून सिंगापूरला आले आणि नऊ वर्षं लिहायला वेळ झाला नाही. आता परत तसंच झालंय. पोटात काहीतरी आहे आणि ते बोलायला माणूस नाही.

धम्मानंद आणि भावनाचं बिनसलंय. महिनाभर बघतेय. जेवणं झाली की मुलगा आणि सून खोलीत जाऊन दार लावतात आणि बारीक आवाजात बोलतात. ते बोलणं नव्हे, भांडण. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं मी, बंद दाराआड काय चाललंय ते आवाजाच्या चढउतारावरून कळतं. काल संध्याकाळी बांबूवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा खिडकीतून भावनाचं एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं. "तू सांगणार नसशील तर मी सांगते." धम्मानंद म्हणाला, "आत्ता नको. ट्रिप होऊ दे."

ट्रिप म्हणजे स्वित्झर्लंडची. मार्चच्या सुट्टीत आठ दिवस, लोझान नावाच्या गावाला. मोठं सरोवर आहे म्हणे. मी म्हटलं, तुम्ही तिघं जा, मला थंडी सोसत नाही. धम्मानंद एकदम म्हणाला, "नाही आई, तू यायलाच हवं." असा हट्ट तो सातवीत असताना करायचा. बरं वाटलं. मग दार लागल्याचा आवाज आला आणि बरं वाटणं संपलं.

५ मार्च, गुरुवार

लिहू नये ते लिहिते. भावनाचं कुठेतरी दुसरीकडे मन आहे की काय?

नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधून आली की कानात ते बारीक यंत्र घालते आणि भांडी घासताना, भाजी चिरताना पुटपुटत राहते. मधेच स्वतःशी हसते. मी स्वयंपाकघरात गेले की गप्प. आज विचारलं, "कोणाशी बोलतेस गं?" तर गोरीमोरी झाली. "काही नाही आई, असंच." मग दोन मिनिटं तिथेच उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. "आई, तुम्हाला एक—" इतक्यात धम्मानंद आला आणि तिने नळ सोडला.

धम्मानंद वाळलाय. वन-नॉर्थच्या ऑफिसातून घरी येतो तो कोणीतरी पिळून टाकल्यासारखा. आज मला विचारत होता, "आई, नाशिकला आपला उपनगरचा फ्लॅट किती वर्षं बंद आहे? रंग लावून घेऊ या का? बाथरूममध्ये धरायला दांड्या वगैरे?" मी हो म्हटलं. पण मनात आलं, हा एकटा परत जायच्या तयारीत आहे. संसार मोडला की माणूस आईच्या घराकडे बघतो.

१३ मार्च, शुक्रवार

आज निघायचं. सकाळी बुद्धवंदना घेतली तेव्हा एवढंच मनात होतं, की या आठ दिवसांत दोघांना एकमेकांजवळ बसायला वेळ मिळू दे. मी ठरवलंय, मैत्रेयीला माझ्याकडे ठेवायचं आणि त्यांना मोकळं सोडायचं. सासू म्हणून माझ्या हातात तेवढंच आहे.

१४ मार्च, शनिवार. लोझान

गाव डोंगराच्या उतारावर आहे, एकावर एक ठेवल्यासारखं, आणि पायथ्याला सरोवर. मेट्रोसुद्धा जिना चढावा तशी तिरपी चढते. लोक पुस्तकं वाचत बसलेले असतात आणि डबा तिरका.

आकाश राखाडी, पाणी राखाडी. पलीकडे मोठे बर्फाचे डोंगर आहेत असं सगळे सांगतात. मला पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसलं नाही. काठाच्या झाडांच्या फांद्या इतक्या छाटल्यात की नुसत्या मुठी उरल्यात. मैत्रेयी म्हणाली, "आजी, the trees all so angry." खाली गवतात मात्र पिवळी बारीक फुलं फुटलीत. वसंत आलाय म्हणे. असेल. मला वाऱ्याने कान दुखतायत.

बेकरीत भावनाने चक्क फ्रेंचमध्ये पाव मागितला आणि बाईला कळलंसुद्धा. आठ दिवसांच्या ट्रिपसाठी एवढा अभ्यास! म्हणजे ते पुटपुटणं हे होतं. मी तिच्याबद्दल काय काय मनात आणलं. लाज वाटली. तरी पण दारामागचं भांडण आहेच.

१६ मार्च, सोमवार

ठरवल्याप्रमाणे दोघांना सोडलं. मी आणि मैत्रेयी काठावर बसलो. पाण्यात काळी बदकं आणि दोन हंस. हंस पाव खाताना फार उद्धट वागतात.

मैत्रेयी आज सारखी चिकटून होती. नऊ वर्षांची घोडी, पण माझ्या कोटाच्या बाहीत हात घालून बसली. मधेच म्हणाली, "आजी, you can learn French or not?"

"या वयात? कशाला गं?"

"Very easy lah. I teach you."

"तू आधी जोडाक्षरं नीट काढ."

ती हसली नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "I know something but I cannot say. पप्पांना promise केलंय."

म्हणजे या पोरीलाही सांगितलंय. आईबाप वेगळे होणार हे मुलीला सांगून तिला गप्प राहायला लावायचं, हे कुठलं शहाणपण? मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "वचन दिलंयस तर पाळ. पण घाबरू नकोस. काहीही झालं तरी आजी तुझ्याजवळच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि रडायला लागली. थांबेचना. मी पावाचा उरलेला तुकडा तिला हंसांना टाकायला दिला.

१७ मार्च, मंगळवार

आज "एका ओळखीच्यांकडे" जायचं म्हणून सगळे निघालो. चार मजली जुनी इमारत. जिन्यावर आठ-दहा माणसं रांगेत उभी, बहुतेक जोडपी, प्रत्येकाच्या हातात फाईल. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. धम्मानंदच्या हातातही फाईल. तो म्हणाला, "आई, तुम्ही दोघी खाली चौकात थांबा. वीस मिनिटं."

मला कळलं. नवरा-बायकोला समुपदेशन करणारे असतात तसला कोणीतरी इथे असणार. इतक्या लांब येऊन! पण दोघं प्रयत्न करतायत हे बघून मला भरून आलं. वर्गातल्या मुलांना निकालाच्या दिवशी उभं असलेलं बघावं तसे ते जिन्यावर उभे होते.

खाली आले तेव्हा भावना म्हणाली, "दोनच बेडरूम आहेत." धम्मानंद म्हणाला, "हळू बोल."

मी काही विचारलं नाही. त्यांचं त्यांना बोलू द्यावं.

१८ मार्च, बुधवार

सगळे झोपल्यावर लिहितेय.

संध्याकाळी अश्विनकडे जेवायला गेलो. हा धम्मानंदबरोबर वन-नॉर्थला होता, दोन वर्षांपूर्वी इकडे आला. बायको अनघा, गोड मुलगी. माझ्यासाठी पिठलं-भात केला होता. किती दिवसांनी कोणीतरी मला वाढत होतं आणि मी बसून होते.

अनघा वाढता वाढता म्हणाली, "काकू, तुम्ही येत जा हं. आमच्या सासूबाई दर उन्हाळ्यात येतात. व्हिजिटवर तीन महिने मिळतात. सिंगापूरसारखा आईवडिलांना राहायचा पास इथे नाही, तेवढाच एक त्रास."

अश्विन म्हणाला, "धम्मा, कालच्या फ्लॅटचं काही कळलं का? मिळाला तर जुलैला जॉइन व्हायच्या आधी ताबा घेऊन टाक."

भावनाने हातातला चमचा खाली ठेवला. मैत्रेयी ताटात बघत होती. धम्मानंदचा चेहरा मी पाहिला. पुढचं कोणी सांगायला नको होतं.

मी म्हणाले, "पिठल्याला लसूण छान लागलाय."

अनघाने बिचारीने आणखी वाढलं. मी सगळं खाल्लं.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी धम्मानंद म्हणाला, "आई, चल, काठावर जाऊन येऊ." दोघंच गेलो. वारा एवढा की पाणी दगडांवरून उडून रस्त्यावर येत होतं. बाकं ओली होती म्हणून उभे राहूनच बोललो. जे जे झालं ते आठवतं तसं लिहून ठेवते.

त्याने सांगितलं, त्याचा प्रोजेक्ट जूनअखेर बंद होतोय. सप्टेंबरपासून माहीत आहे. नोकरी गेली की त्याचा पास जातो, त्याच्यामागे भावनाचं आणि मैत्रेयीचं राहणं जातं आणि माझंही. चार महिने शोधत होता. ही इथली जागा जानेवारीत मिळाली.

"आणि मी?"

"आई, इथे आईला आणता येत नाही. मी तीन वकिलांना विचारलं."

"भारतात काही नाही मिळालं?"

त्याने कॉलर वर केली. मग म्हणाला, "पुण्यात एक होती. मी घेतली नाही."

हे त्याने मला सांगायला नको होतं. किंवा सांगितलं हेच बरं केलं. मला अजून ठरवता येत नाही.

"का नाही घेतलीस?"

"काम खालच्या दर्जाचं होतं. दहा वर्षं मागे गेलो असतो. भावना म्हणत होती, पुण्याला चल, आई आपल्याबरोबर राहतील. मीच नाही म्हणालो. ती पहिल्या दिवसापासून म्हणतेय, आईंना सांग. आमचं दुसरं काही भांडण नाही, आई. एवढंच आहे."

मी रेलिंगला धरून उभी होते. लोखंड इतकं गार होतं की हात बधिर झाले. महिनाभर मी भावनाला कसकसल्या नजरेने पाहत होते.

मी म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय. तू हो म्हणालीस आणि मी गेलो, असं झालं असतं. तुझा हो ऐकायची माझी हिंमत नव्हती."

"आणि न विचारता काय वेगळं झालं?"

चाळीस वर्षांचा बाप्या, नाक पुसत उभा. लहानपणी रडायला लागला की मी पदर पुढे करायचे. आज केला नाही. जॅकेट होतं अंगावर, पण तेवढंच कारण नव्हतं.

"मग मला इथे कशाला आणलंस? घरीच सांगायचं."

तो म्हणाला, "तू बघून ठेवावंस म्हणून. आम्ही कुठे राहतो, मैत्रेयी कुठल्या रस्त्याने शाळेत जाते. तिकडे एकटी असशील तेव्हा तुला डोळ्यांसमोर आणता यावं."

म्हणजे मला लोझान दाखवलं. दाखवायला आणलं होतं.

२० मार्च, शुक्रवार

आज ऊन पडलं. पलीकडचे डोंगर दिसले. सगळं गाव काठावर येऊन बसलं होतं. धम्मानंदने शाळा लांबून दाखवली. चांगली आहे. मैदान मोठं आहे.

२४ मार्च, मंगळवार. सेंगकांग

भावनाने आज रजा घेतली. धम्मानंद कामावर, मैत्रेयी शाळेत. आम्ही दोघी स्वयंपाकघरात. मी म्हटलं, "भावना, मी तुला चुकीचं समजले होते." काय समजले ते सांगितलं नाही. ते कधीच सांगणार नाही.

ती ओट्याला टेकून रडली. "आई, मला बोलायचं होतं. रोज बोलायचं होतं. त्याने शपथ घातली होती."

मग तिने खरी अडचण सांगितली. मैत्रेयीला त्यांनी सांगितलंय की आजी पण लोझानला येणार, फक्त आजीचे कागद उशिरा होतील, जुलैत येईल. मैत्रेयी मला फ्रेंच शिकवायला का निघाली होती ते आता कळलं. आणि 'आजी तुझ्याजवळच आहे' हे तिला मी लोझानला येणार असं ऐकू आलं, म्हणून ती रडली, तेही आता कळतंय.

"मी आज सांगते तिला," भावना म्हणाली. "तिच्याशी तरी खोटं नको."

मी म्हटलं, "नको. मी सांगते. माझ्या तोंडून ऐकेल ती. तुमच्याकडून ऐकलं तर तुमच्यावर राग धरेल, आणि तिथे तिला तुम्हीच आहात."

नऊ वर्षं तिला मी वाढवलंय. हे माझंच काम आहे.

२ एप्रिल, गुरुवार

सांगायचं होतं. ती शाळेतून आली तीच तापाने. ताप उतरला की बघू.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंतीचा कार्यक्रम रविवारी झाला, आज घरी नुसती बुद्धवंदना. रविवारी इथले आपले सगळे लोक भेटले. कार्यक्रम बसवणाऱ्या एकताने हात धरून विचारलं, "प्रेमलाताई, आता पुढच्या वर्षी मुलांची भाषणं कोण बसवणार?" म्हणजे बातमी पोचली होती. मैत्रेयीने तिथे चार मिनिटं मराठीत भाषण केलं, कागद न बघता. एकच "च्या"चा "चा" केला. लोक टाळ्या वाजवत होते आणि ती फक्त माझ्याकडे बघत होती, चुकलं का म्हणून.

त्या दिवशी कसं सांगणार?

३ मे, रविवार

धम्मानंद माझ्याशी फार जपून बोलतो. पाणी हवं का, पाय दुखतात का. पाहुण्यासारखं. मी रागावलेय का असं त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, "हो." तो थांबला, मी पुढे काही बोलेन म्हणून. मग दोघांनी मिळून माझं कपाट रिकामं केलं. हा राग घेऊनच मी जाणार असं दिसतंय. आणि त्याचं भलं व्हावं असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला मी काय करू?

उपनगरला शेजारच्या दिलीपरावांनी रंग लावून घेतला. फोटो पाठवले. पांढऱ्या भिंती, मधोमध एक खुर्ची.

१९ मे, मंगळवार

भावनाने विचारलं, "आई, बोललात का तिच्याशी?"

"तिची परवा टेस्ट आहे. ती होऊ दे."

भावनाने फक्त बघितलं.

३० मे, शनिवार

शाळा सुटली. आज सकाळी तिला घेऊन खाली बागेत बसले. ठरवून. म्हटलं, "मैत्रेयी, मला तुला काहीतरी सांगायचंय." तिने लगेच विचारलं, "Sad thing ah?" आणि दोन्ही हात कानांवर ठेवले, गमतीने.

मी म्हटलं, "नाही गं. नाशिकला आंबे सुरू झालेत, ते सांगत होते."

६ जून, शनिवार. चांगी

गेटजवळ बसून लिहितेय. मुंबईचं विमान तासाभराने आहे. पुढे दिलीपराव गाडी घेऊन येणार आहेत.

घरातून निघताना भावना पाया पडली आणि उठेचना. मी तिला उठवलं. कानात म्हणाली, "आई, अजून वेळ आहे. गाडीत सांगा." पण गाडीत मैत्रेयी एवढ्या आनंदात होती. लोझानच्या खोलीत माझा पलंग कुठे लावायचा याचं चित्र काढून आणलं होतं. दोन बेडरूममध्ये तिच्या नि माझ्या मधे पडदा.

आणि अशा वेळी काय सांगायचं? तिलाही तीन आठवड्यांनी प्रवास आहे, नवं गाव, नवी शाळा. रडत रडत पाठवायची का पोरीला? एकदा प्रवास होऊ दे. तिथे ती रुळली की धम्मानंद नीट समजावून सांगेल. वेळ बघून सांगाव्या लागतात अशा गोष्टी. मुलांच्या बाबतीत घाई करून चालत नाही, हे मी शाळेत किती पालकांना सांगितलंय.

आत जायच्या दारापाशी धम्मानंदने मला मिठी मारली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला एवढंच.

मैत्रेयीने हात धरला होता. घट्ट. पहारेकरी म्हणाला, आजी, पुढे चला.

"आजी, July what date?"

मी भावनाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. धम्मानंद जमिनीकडे.

"पंधरा," मी म्हणाले.

मैत्रेयीने ओठ हलवत बोटांवर मोजलं. "Five weeks four days only," म्हणाली आणि माझा हात सोडला.